खुर्ची कुणाच्या मापाची?

मराठी वृत्तपत्रांतून व्हीलचेअर या शब्दाच्या सोबतीला बहुधा दोनच क्रियापदे येतात. पहिले 'खिळणे'. अमुक अपघातानंतर अमुक गृहस्थ व्हीलचेअरला खिळले, असे वाक्य आपण सर्वांनीच वाचले आहे. दुसरे 'वाटणे'. अमुक मान्यवरांच्या हस्ते गरजूंना व्हीलचेअरचे वाटप झाले, हे त्याचे सभ्य रूप. 'निवडणे' हे क्रियापद मात्र या नामाच्या शेजारी आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे. माणसे चष्मा निवडतात, चपला निवडतात, सायकल तर चार दुकाने हिंडून निवडतात. खुर्ची तेवढी मिळते, आणि मिळाली की प्रश्न संपला असे मानले जाते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी या अनुपस्थित क्रियापदाचा विचार करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

नामांविषयीचा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. 'अपंग' म्हणावे की 'विकलांग', हा जुना प्रश्न. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द पुढे केल्यावर सरकारी फलकांवरील नामे बदलली. त्या शब्दावर अनेकांचा आक्षेप आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु नाम कोणतेही घेतले तरी त्याच्याशी जोडलेली क्रियापदे तीच राहिली, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या व्यक्तीविषयी आपण बोलतो, ती त्या वाक्यांत एकतर खिळलेली असते किंवा घेणारी असते. ती स्वतः काही ठरवीत नाही.

या संदर्भात एका पुस्तकाच्या शीर्षकाचे स्मरण होते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला 'चाकाची खुर्ची' असे नाव दिले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालची संवेदना गेलेल्या आणि पुढे १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करणाऱ्या या बाईंनी इंग्रजी शब्दाला जो साधा मराठी पर्याय निवडला, त्यात वस्तूचे वस्तूपण शिल्लक आहे. खुर्ची, तिला चाके, एवढेच. तीत करुणा नाही आणि शौर्यही नाही. आमच्या वाचनमंडळात या पुस्तकावर चर्चा झाली, तेव्हा आम्ही तीत लेखिकेची जिद्द, समाजाची अनास्था, आत्मकथनाचा घाट अशा नेहमीच्या मुद्द्यांवर बोललो. खुर्चीविषयी कुणीच बोलले नाही. ती किती जड होती, तिची बैठक किती रुंद होती, दारातून जात होती की नाही, हे प्रश्न वाङ्मयीन चर्चेत बसत नाहीत असा आमचा समज होता. तो समज पुढे आमच्याच एका सदस्येने मोडून काढला.

आमचे मंडळ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतील काही अध्यापक व विद्यार्थ्यांचे आहे. महिन्यातून एकदा आळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमायचे, असा आमचा शिरस्ता. अंबरनाथच्या एका बाईंना (मराठीच्या निवृत्त अध्यापिका, सारे त्यांना बाईच म्हणतात) मणक्याच्या दुखापतीनंतर चालणे अशक्य झाले. त्यांना कुठूनशी एक पोलादी, घडीची खुर्ची मिळाली. पुढची दोन वर्षे बाई मंडळात आल्या नाहीत. आम्ही त्यांना भेटायला जात होतो, पुस्तके पोचवीत होतो, आणि त्यांच्या न येण्याचे कारण त्यांचे पाय आहेत असे मनोमन धरून चाललो होतो. एके दिवशी त्यांनीच आमचे अज्ञान दूर केले. "अहो, पाय तर गेलेच आहेत, त्यांची मला सवय झाली. मला अडवते ती ही खुर्ची. ती उचलायला माझा मुलगा घरी असावा लागतो. तो असतो रविवारी, आणि रविवारी त्यालाही झोपावंसं वाटतं."

आम्ही प्रथमच ती खुर्ची न्याहाळून पाहिली. वजन एकोणीस किलो. बैठक अठरा इंचांची, म्हणजे रुग्णालयातून आणि दुकानांतून सर्रास दिसणारी. बाई अंगाने बारीक. त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जागा उरलेली. त्यामुळे त्या एका कुशीला कलत, आणि चाकाच्या कडीपर्यंत हात नेण्यासाठी खांदे पसरावे लागत. हातांच्या टेकूंची उंची अशी की चाक ढकलताना कोपर त्यांवर आपटे. मागे ढकलणाऱ्यासाठी दोन मुठी मात्र उत्तम होत्या. ही खुर्ची बसणाऱ्यासाठी बनलेलीच नव्हती. ती ढकलणाऱ्यासाठी होती.

हा फरक नवा नाही, आणि त्याला इतिहास आहे. १९१८ साली खाणीतील अपघातात पायांची शक्ती गमावून बसलेले अमेरिकी अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ साली पोलादी नळ्यांची, मधोमध फुलीच्या आकाराचा सांधा असलेली घडीची खुर्ची तयार केली. मोटारीत घालता यावी, हा तिचा हेतू. म्हणजे घडीची खुर्ची ही मुळात हिंडू-फिरू इच्छिणाऱ्या माणसाची गरज होती. पण त्यांच्या कंपनीने बाजार असा काबीज केला की १९७७ साली अमेरिकेच्या न्याय खात्याला तिच्यावर मक्तेदारीविरोधी दावा गुदरावा लागला. दरम्यान अनेक दशके खुर्चीच्या मूळ घाटात फारसा बदल झाला नाही. बदल आला तो बाहेरून. मॅरिलिन हॅमिल्टन नावाच्या तरुणीला हँग ग्लायडिंग करताना अपघात झाला. मिळालेली जड, चकचकीत पोलादी खुर्ची तिला सोसेना. ग्लायडर बनवणाऱ्या आपल्या दोन मित्रांना तिने सांगितले की, ज्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांनी तुम्ही माणसाला हवेत तरंगवता, त्यांचीच मला खुर्ची करून द्या. १९८० च्या सुमारास आलेल्या त्या 'क्विकी' खुर्चीचे वजन जुन्या खुर्चीच्या निम्म्याच्या आसपास होते, आणि ती रंगीबेरंगी होती. रंगाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. रुग्णालयाच्या सामानाला कुणी आवडीचा रंग देत नाही. रंग विचारला जातो तो आपल्या वस्तूसाठी.

बाईंसोबत आम्ही खुर्ची पाहायला निघालो, तेव्हा हे अंतर किती मोठे आहे याचा प्रत्यय आला. एका दुकानात विक्रेत्याने बाईंकडे पाहिले, मग त्यांच्या मुलाकडे वळून विचारले, "दादा, पेशंटचं वजन किती?" बाई म्हणाल्या, "माझं वजन मला विचारा, मला पाठ आहे." विक्रेता ओशाळला, माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याकडे मोजपट्टी नव्हती. ज्या उल्हासनगरात जीन्स शिवण्याचे कारखाने गल्लोगल्ली होते आणि ज्याच्या बाजारात पँटीची कंबर अठ्ठावीस, तीस, बत्तीस अशी इंचा-इंचाने विचारली जाते, त्या शहरात दिवसाचे दहा तास अंगाला लागून राहणाऱ्या वस्तूचे माप कुणी घेत नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटले. खरे तर आश्चर्य वाटायचे कारण नव्हते. पँट विकली जाते. खुर्ची वाटली जाते. वाटपाच्या वस्तूला माप नसते, संख्या असते.

मापे कोणती घ्यावीत हे काही गूढ शास्त्र नाही. बैठकीची रुंदी नितंबांच्या रुंदीहून किंचितच अधिक असावी. बैठकीची खोली अशी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा मोकळी राहील. स्वतः चाके फिरवणाऱ्याची पाठ खांद्याच्या पात्याखालीच संपावी, म्हणजे हात मागे नेता येतात. अर्थात धडावर ताबा किती आहे हे पाहूनच. चाकाच्या कडीच्या माथ्यावर हात ठेवला असता कोपराचा कोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान यावा. मागच्या चाकांचा आस जितका पुढे घ्यावा तितकी खुर्ची ढकलायला हलकी होते, पण मागे कलंडण्याची भीतीही वाढते. म्हणून तो सरकवता येणारा असावा आणि सरावाने थोडा थोडा पुढे न्यावा. आणि गादी. संवेदना नसलेल्या शरीराला दाबाने जखम होते ती कळतही नाही. तेव्हा खुर्चीवर खर्च करून गादीवर काटकसर करणे हा शहाणपणा नव्हे.

वजनाचा प्रश्न चैनीचा आहे, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी एक हिशोब करावा. ज्याचे पाय चालत नाहीत त्याचे खांदे त्याचे पाय होतात, आणि खांद्याचा सांधा या कामासाठी घडलेला नाही. वर्षानुवर्षे जड खुर्ची रेटून खांदा निकामी झाला, तर त्या व्यक्तीला दुसरे अपंगत्व येते, आणि हे दुसरे अपंगत्व अपघाताने आलेले नसते. २००५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर हात व खांदे कसे जपावेत याविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. शक्य तितकी हलकी आणि मापाला जुळवता येणारी खुर्ची द्यावी, हे त्यांतील एक ठळक सूत्र आहे.

आता आमच्या तीन गावांकडे येऊ. कारण 'सर्वांत हलकी ती उत्तम' असे म्हणून हात झटकले, तर तेही एक प्रकारचे वाटपच ठरेल. परदेशी चित्रांतील देखण्या खुर्च्यांना पुढे चार-पाच इंचांची चिमुकली चाके असतात. गुळगुळीत फरशीवर ती नाचतात. परंतु पावसाळ्यानंतर उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटारावरील लोखंडी जाळ्या आणि रस्त्याच्या कडेला राहिलेली दोन-तीन इंचांची पायरी यांत ती अडकतात, आणि चाक अडकले की बसलेला माणूस पुढे फेकला जातो. मोठी पुढची चाके खड्डा सहज ओलांडतात, पण वजन वाढवतात आणि वळायला जागा घेतात. हवेचे टायर हादरे शोषतात, आणि पंक्चर कोणताही सायकलवाला काढून देतो. मात्र त्याच मापाचा टायर त्याच्याकडे असेलच असे नाही. भरीव टायरला पंक्चर नाही, पण प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोचतो. पोलादाची चौकट मोडली तर कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियम जोडणारा शोधावा लागतो. यांतील एकही प्रश्न वस्तूच्या जाहिरातीत सुटत नाही. तो सुटतो त्या व्यक्तीच्या दारापासून तिला जिथे जायचे आहे तिथपर्यंतच्या रस्त्यावर.

घडीची की अखंड चौकटीची, हाही असाच प्रश्न. घडीची खुर्ची आटोपशीर वाटते, पण तिच्या सांध्यांत ढकलण्याचा थोडा जोर वाया जातो आणि वजनही वाढते. अखंड चौकटीच्या खुर्चीची मागची चाके कळ दाबून निघतात व पाठ पुढे मिटते. उरलेली चौकट सहा-सात किलोंची असते. आमच्याकडे वाहन म्हणजे रिक्षा. एकोणीस किलोंची घडी रिक्षाच्या मागच्या बाकावर आडवी टाकली की बसायला जागाच उरत नाही. चौकट व दोन सुटी चाके मात्र बसलेल्या व्यक्तीच्या शेजारी मावतात. हे आम्हांस कुठल्या माहितीपत्रकातून कळले नाही, अंबरनाथ स्थानकाबाहेरच्या एका रिक्षावाल्याने आपल्या रिक्षात खुर्ची तीन प्रकारे ठेवून दाखवली तेव्हा कळले. त्याने पैसे घेतले नाहीत. त्याला कुतूहल वाटले, एवढेच.

आपल्या देशातही अशा खुर्च्या होऊ लागल्या आहेत, ही समाधानाची बाब. आयआयटी मद्रासमधील संशोधनातून आलेली 'निओफ्लाय' बसणाऱ्याची मापे घेऊन बनवली जाते. जुलै २०२५ मध्ये त्याच संस्थेने 'वायडी वन' ही अवघ्या नऊ किलोंची खुर्ची लोकांपुढे आणली. तेव्हा 'असे काही भारतात मिळत नाही' ही सबब आता उरली नाही. किंमत मात्र पोलादी खुर्चीच्या कित्येक पट आहे, आणि खरा आक्षेप येथेच उभा राहतो. एका हलक्या खुर्चीच्या पैशांत पाच-सहा साध्या खुर्च्या येतात. मग एकाला उत्तम देऊन पाच जणांना घरात बसवावे काय?

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. १९७२ साली कानपूरला स्थापन झालेले कृत्रिम अवयव निर्माण महामंडळ आणि १९८१ पासूनची साधने पुरवण्याची केंद्रीय योजना यांनी असंख्य माणसांना जमिनीवरून उचलून खुर्चीवर बसवले. सरपटत जाण्याहून कोणतीही खुर्ची बरी, हे निर्विवाद. आमचे म्हणणे एवढेच की पाच खुर्च्यांचा हिशोब करताना त्यांतील किती वर्षभराने वापरात आहेत, हेही मोजावे. माळ्यावर पडलेली खुर्ची स्वस्त नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली, तुटपुंजी साधने असलेल्या देशांसाठीच म्हणून, जी मार्गदर्शिका काढली तीत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: नोंद व पाठवणी, तपासणी, निवड, पैशांची तजवीज व मागणी, खुर्चीची जुळणी, अंगाला बसते का ते पाहणे, वापराचे शिक्षण आणि नंतरची देखभाल. आपल्या मांडवात यांपैकी बहुतेक गाळून थेट छायाचित्र काढले जाते.

आणि पैशांची तजवीजच नाही, असेही नाही. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा आहे. उल्हासनगरला महानगरपालिका आहे, अंबरनाथला व कुळगाव-बदलापूरला नगरपरिषदा आहेत. तिन्ही गावे लोकलने एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. तिघींनी मिळून या निधीतून एखादी जागा चालवावी, जिथे मोजपट्टी घेतलेला एक फिजिओथेरपिस्ट असेल, आठ-दहा प्रकारच्या खुर्च्या आठवडाभर वापरून पाहायला मिळतील, आणि एक कारागीर दुरुस्तीला बसेल. कारागिरांची आमच्याकडे वाण नाही. फर्निचरपासून शिलाईयंत्रापर्यंत हवी ती वस्तू मापाने घडवणारे आणि दुरुस्त करणारे हात या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या आहेत. ज्याला साधी खुर्ची पुरेशी आहे त्याला साधी द्यावी. पण त्याने ती पाहून, बसून, फिरवून घेतलेली असावी.

खुर्चीने सारे प्रश्न सुटतात असा भ्रम मात्र नको. बाईंच्या इमारतीला तीन पायऱ्या आहेत, सहा सहा इंचांच्या. एकास बारा हे प्रमाण धरले तर अठरा इंच चढायला अठरा फुटांचा उतार लागतो. तेथे बांधला गेला तो पाच फुटांचा. त्यावरून उतरताना नऊ किलोंची खुर्चीही पळते. लोकलचे तर विचारूच नये. डब्यावर चाकाच्या खुर्चीचे चित्र आहे, परंतु फलाट आणि डबा यांतील फट व उंची ओलांडायला आजही दोन माणसांचे हात लागतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक न राहता बंधनकारक असले पाहिजेत असे बजावले आहे. खुर्ची माणसाच्या मापाची झाली की मग गाव माणसाच्या मापाचे नाही हे स्पष्ट दिसू लागते. कदाचित म्हणूनच ती मापाची करून देण्याची कुणाला घाई नसावी.

असो. बाईंनी अखेर जी खुर्ची घेतली ती सर्वांत हलकी नाही. साडेदहा किलो, चौकट अखंड, पुढची चाके सहा इंचांची, टायर हवेचे, बैठक पंधरा इंचांची. त्यासाठी त्यांनी निवृत्तीच्या ठेवीतील एक ठेव मोडली, याचा सल आम्हांस आहे. त्यांना तो नाही. पहिले दोन आठवडे त्या चिडल्या होत्या, कारण नव्या खुर्चीत दोनदा मागे कलंडता कलंडता वाचल्या. मग मागच्या बाजूला आधाराची दोन छोटी चाके लावून घेतली आणि सराव केला. रिक्षात चढताना अजूनही कुणाचा तरी हात धरावा लागतो. पण तो हात मुलाचाच असावा लागत नाही, आणि वार रविवारच असावा लागत नाही.

गेल्या महिन्यात मंडळ बदलापूरला भरले होते, तेव्हा बाई आल्या, त्याही मंगळवारी. विषय होता आत्मकथनातील तपशिलाचे स्थान. एका विद्यार्थ्याने आपल्या टिपणात 'व्हीलचेअरला खिळलेली नायिका' असा शब्दप्रयोग केला होता. बाईंनी त्याला वाक्य पूर्ण करू दिले, आणि मग म्हणाल्या, "बाळा, खिळलेली होते ती घरात. खुर्चीत बसून मी इथे आले. क्रियापद बदल." त्याने बदलले. चर्चा पुढे सुरू झाली. परतताना त्यांची रिक्षा आम्ही बोलावणार होतो. ती त्यांनी आधीच बोलावली होती.